कोळंबीचे आरोग्य आणि जीवाणूपोषक खाद्यपूरके

कोकणच्या किनाऱ्यावर कोळंबी ही नवी गोष्ट नाही. खारजमिनींच्या बांधांमधील उघाडीतून भरतीचे पाणी आत घ्यावे, त्याबरोबर आलेली पिल्ले काही महिने खाजणात वाढू द्यावीत आणि ओहोटीच्या वेळी उघाडीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरावीत, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. गोव्यातील खाजणांच्या मानशींवरही अशीच मासेमारी होत असे व आजही होते. या पारंपरिक पद्धतीत खर्च थोडा, उत्पादन थोडे आणि धोकाही थोडा असे.

आधुनिक कोळंबी संवर्धनाचे स्वरूप मात्र निराळे आहे. येथे बीज उबवणी केंद्रातून विकत घ्यावे लागते. गोळी खाद्य, वीज, वायुवीजनाची यंत्रे व मजुरी यांवर मोठी रक्कम गुंतवावी लागते. आणि शंभर ते एकशे वीस दिवसांच्या एका हंगामावर ती सारी रक्कम अवलंबून असते. या काळात तळ्यात रोग शिरला तर तीन-चार दिवसांत संपूर्ण पीक हातचे जाऊ शकते. भातशेतीत अर्धे पीक गेले तरी अर्धे घरात येते. कोळंबीच्या तळ्यात पुष्कळदा तसे होत नाही. म्हणूनच कोळंबीचे आरोग्य टिकविणे हा या व्यवसायाचा कणा आहे आणि त्यासाठी ज्या उपायांची आज सर्वत्र चर्चा होत आहे त्यांत ‘प्रीबायोटिक’ म्हणजेच जीवाणूपोषक खाद्यपूरकांचा समावेश होतो. ही पूरके नेमकी काय आहेत, ती कशी कार्य करतात, त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी आणि कोठे ठेवू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोगांची पार्श्वभूमी

भारतात व्यापारी तत्त्वावर कोळंबी संवर्धनाला वेग आला तो १९९० नंतरच्या वर्षांत. त्या वेळी वाघ कोळंबी, म्हणजेच टायगर कोळंबी, ही प्रमुख जात होती. १९९४ च्या सुमारास पांढरे ठिपके हा विषाणुजन्य रोग पूर्व किनाऱ्यावर आला आणि थोड्याच काळात पश्चिम किनाऱ्यावरही पसरला. हजारो तळी ओस पडली. त्याच सुमारास या व्यवसायामुळे शेतजमिनी व पिण्याचे पाणी खारे होत असल्याच्या तक्रारी वाढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये यासंबंधी महत्त्वाचा निर्णय दिला. पुढे २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरण अधिनियम संमत झाला व २०२३ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली.

सन २००९ मध्ये केंद्र शासनाने व्हेनामी या जातीच्या संवर्धनास परवानगी दिली. अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ही कोळंबी दाट संख्येने वाढते व तिचे विशिष्ट रोगांपासून मुक्त असे प्रजनक उपलब्ध होतात. त्यामुळे अल्पावधीतच तिने वाघ कोळंबीची जागा घेतली. गोठविलेली कोळंबी ही आज आपल्या सागरी निर्यातीतील सर्वांत मोठी बाब आहे, ती प्रामुख्याने या जातीमुळेच.

परंतु जात बदलल्याने रोग संपले नाहीत. २००९ च्या सुमारास चीनमध्ये आणि पाठोपाठ व्हिएतनाम, मलेशिया व थायलंड या देशांत लहान पिल्ले पहिल्या महिन्यातच मोठ्या प्रमाणावर मरू लागली. ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने २०१३ साली त्यामागील कारण शोधून काढले. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जीवाणूचा एक विषकारी प्रकार कोळंबीच्या पोटात ठाण मांडतो आणि त्याचे विष यकृत-स्वादुपिंड नष्ट करते, असे दिसून आले. थायलंडमध्ये २००९ साली वर्णन केलेला आणि भारतातही आढळलेला ‘ईएचपी’ हा सूक्ष्म परोपजीवीदेखील याच इंद्रियावर हल्ला करतो. त्याने कोळंबी एकदम मरत नाही. पण वाढ खुंटते आणि खाद्याचा खर्च मात्र चालूच राहतो. विषाणूंचा अपवाद वगळता, आजच्या अनेक रोगांचे रणक्षेत्र कोळंबीचे पचनसंस्थान हेच आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

प्रतिजैविकांचा मार्ग का बंद झाला

जीवाणुजन्य रोग दिसताच प्रतिजैविक औषध खाद्यातून द्यावे, असा सोपा मार्ग अनेक देशांत अवलंबिला गेला. त्याचे तीन दुष्परिणाम झाले. पहिला असा की, औषधाने रोगकारक जीवाणूंबरोबर उपयुक्त जीवाणूही मेले आणि मोकळ्या झालेल्या जागी व्हिब्रिओसारखे झपाट्याने वाढणारे जीवाणूच प्रथम परतले. दुसरा, औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंची पैदास झाली. तिसरा, कोळंबीच्या मांसात औषधाचे अंश उरले. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या वर्गातील औषधांचे अंश आढळल्यास आयात करणारे देश माल नाकारतात. युरोपीय संघाने तर २०१६ साली भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण शेकडा दहावरून शेकडा पन्नासवर नेले होते. एका तळ्यातील चुकीची किंमत अशा रीतीने संपूर्ण देशाच्या उत्पादकांना मोजावी लागते.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पशुखाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके मिसळण्यास बंदी केली. तेव्हापासून कुक्कुटपालन, वराहपालन व मत्स्यसंवर्धन या सर्वच क्षेत्रांत पर्यायांचा शोध अधिक जोमाने सुरू झाला. जीवाणूपोषके हा त्यांपैकी एक पर्याय होय.

कोळंबीच्या शरीराचे वैशिष्ट्य

कोळंबीला माणसासारखी किंवा कोंबडीसारखी प्रतिपिंडे तयार करण्याची शक्ती नाही. एकदा आलेल्या रोगाची ओळख ठेवून पुढच्या वेळी त्याच्याशी नेमका लढा देणारी यंत्रणा तिच्या शरीरात नसल्याने कोंबड्यांना टोचतात तशी रूढ अर्थाची लस तिला उपयोगी पडत नाही. तिचे संरक्षण जन्मजात साधनांवर अवलंबून असते. कठीण कवच ही पहिली तटबंदी. तटबंदी ओलांडून जंतू आत आल्यास रक्तातील पेशी त्याला गिळतात, वेढतात किंवा जंतुनाशक द्रव्ये सोडतात. जंतूच्या पेशीभित्तिकेतील विशिष्ट शर्करायुक्त घटकांची ओळख पटताच रक्तातील प्रोफिनॉलऑक्सिडेज नावाची विकरांची साखळी जागी होते व जंतूभोवती काळे रंगद्रव्य साचून तो बंदिस्त होतो. कोळंबीच्या कवचावरील जखमा काळ्या पडलेल्या दिसतात, त्या याच कारणाने.

या तटबंदीत एक दुबळी बाजू आहे. अन्ननलिकेचा पुढचा व मागचा भाग कायटिनच्या अस्तराने झाकलेला असतो. परंतु मधल्या आतड्याला व यकृत-स्वादुपिंडाला असे अस्तर नाही, कारण तेथेच अन्नाचे शोषण व्हावयाचे असते. खाद्याभोवती एक पातळ आवरण तयार होते खरे, तथापि रोगजंतूंना शिरकाव करण्यास हीच जागा सोयीची ठरते. शिवाय कोळंबी तळाशी राहते, तेथील गाळ व कुजलेले कण खाते आणि आजूबाजूचे पाणी सतत तिच्या शरीराच्या संपर्कात असते. म्हणून तिच्या आतड्यातील जीवाणूसृष्टी ही तळ्यातील जीवाणूसृष्टीचेच प्रतिबिंब असते. तळे बिघडले की आतडे बिघडते, हे सूत्र येथून उद्भवते.

जीवाणूपोषक म्हणजे काय

‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा गिब्सन व रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ साली मानवी आहाराच्या संदर्भात मांडली. त्यानंतर तिच्या व्याख्येत वेळोवेळी बदल झाले. २०१७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने स्वीकारलेल्या व्याख्येचा आशय असा की, यजमान प्राण्याच्या शरीरातील सूक्ष्मजीव ज्याचा निवडकपणे उपयोग करतात व त्यामुळे यजमानाच्या आरोग्यास लाभ होतो, असा पदार्थ म्हणजे प्रीबायोटिक.

येथे तीन संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बाजारात त्यांची सर्रास गल्लत होते. प्रतिजैविक जंतूंना मारते. प्रोबायोटिक म्हणजे प्रत्यक्ष जिवंत उपयुक्त जीवाणू. उदाहरणार्थ, बॅसिलस वर्गातील जीवाणूंचे बीजाणू. प्रीबायोटिक हे ना औषध, ना जीवाणू. ते उपयुक्त जीवाणूंचे अन्न होय. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रोबायोटिक हे बी आणि प्रीबायोटिक हे त्या बियाला मानवणारे खत. दोन्ही एकत्र दिल्यास त्या मिश्रणाला ‘सिन्बायोटिक’ म्हणतात.

या व्याख्येतील ‘निवडकपणे’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गूळ किंवा साखर हेदेखील जीवाणूंचे अन्नच आहे. परंतु ते उपयुक्त व अपायकारक असा भेद करीत नाही. साखर आंबविणारे अनेक व्हिब्रिओ जीवाणू आहेत; प्रयोगशाळेतील विशिष्ट माध्यमावर त्यांचे पिवळे ठिपके उमटतात ते याच गुणधर्मामुळे. गूळ, भाताचा कोंडा व यीस्ट आंबवून तळ्यात सोडण्याची पद्धत अनेक संवर्धक वापरतात. पाण्यातील कर्ब व नत्राचे प्रमाण सांभाळण्यासाठी तिचा उपयोग होतो. पण तो निराळा उपाय आहे. त्याला जीवाणूपोषक खाद्यपूरक म्हणता येणार नाही.

प्रमुख प्रकार

कोळंबीच्या खाद्यात ज्यांचा अभ्यास झाला आहे ती बहुतेक पोषके म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या लहान-मोठ्या साखळ्या होत.

इन्युलिन व फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड : ही फळशर्करेच्या रेणूंची साखळी असून ती कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरीच्या मुळांत भरपूर असते. कांदा व लसूण यांतही याच वर्गातील द्रव्ये आहेत. अर्थात कांदा-लसूण वाटून तळ्यात टाकल्याने अपेक्षित मात्रा मिळेल असे समजू नये.

मॅनन-ऑलिगोसॅकराइड : हे पावासाठी व मद्यार्कासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या पेशीभित्तिकेतून मिळते. कोळंबीच्या खाद्यात याचा वापर अधिक प्रमाणात होतो.

गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड व झायलो-ऑलिगोसॅकराइड : पहिले दुधातील शर्करेपासून, तर दुसरे मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यासारख्या तंतुमय शेतमालापासून तयार केले जाते.

बीटा-ग्लुकन : हेही यीस्टच्या भित्तिकेतूनच मिळते. मात्र काटेकोरपणे पाहता ते प्रतिकारशक्ती चाळविणारे द्रव्य आहे. व्यापारी मिश्रणांत ते मॅननबरोबर येत असल्याने त्याची गणना पुष्कळदा जीवाणूपोषकांतच केली जाते.

ही पूरके कशी कार्य करतात

या द्रव्यांचे कार्य तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग पोषणाचा. कोळंबीची पाचक विकरे ज्या साखळ्या सहज तोडू शकत नाहीत, त्या काही उपयुक्त जीवाणू तोडतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लघु मेदाम्ले तयार होतात. ती आतड्याच्या पेशींना ऊर्जा देतात आणि तेथील सामू किंचित उतरवून रोगकारक जीवाणूंना प्रतिकूल स्थिती निर्माण करतात.

दुसरा मार्ग फसवणुकीचा म्हणता येईल. अनेक रोगकारक जीवाणू पेशींवरील मॅनोज शर्करेला धरून चिकटतात. खाद्यातून आलेले मॅनन समोर असल्यास त्यांपैकी काही जीवाणू त्यालाच चिकटतात व विष्ठेबरोबर बाहेर पडतात. कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाच्या संदर्भात या मार्गाचा बराच अभ्यास झालेला आहे.

तिसरा मार्ग संरक्षणयंत्रणेला जागे करण्याचा. बीटा-ग्लुकन हा बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटक आहे. कोळंबीच्या रक्तातील ओळखप्रथिने त्याला शत्रूची खूण समजतात आणि वर उल्लेखिलेली विकरांची साखळी कार्यान्वित होते. म्हणजे शत्रू येण्यापूर्वीच पहारेकरी सावध होतात.

प्रयोगांतून काय दिसून आले

शास्त्रीय प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी ते सरसकट एकसारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तुर्कस्तानात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोळंबीच्या खाद्यात किलोमागे दीड, तीन व साडेचार ग्रॅम मॅनन-ऑलिगोसॅकराइड मिसळण्यात आले. त्यात तीन ग्रॅमच्या मात्रेचा परिणाम सर्वांत चांगला आढळला. मात्रा वाढविली म्हणजे लाभ वाढतोच असे नाही, हा त्यातील धडा होय.

त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सास येथील संशोधकांनी व्हेनामी कोळंबीला लघुसाखळी फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड देऊन पाहिले. तेथे वजनवाढ, खाद्याचा विनियोग व जगण्याचे प्रमाण यांत सुधारणा दिसली नाही. परंतु आतड्यातील जीवाणूंची रचना बदलली आणि रक्तपेशींची संख्या वाढली. हा प्रयोग स्वच्छ, पुनर्वापरित पाण्याच्या टाक्यांत झाला होता. रोगाचा ताण नसलेल्या ठिकाणी जगण्याचे प्रमाण आधीच चांगले असेल तर पूरकाचा लाभ वजनकाट्यावर दिसणार नाही, हे स्वाभाविक आहे.

कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्याकडील पांढऱ्या कोळंबीवरील असल्याने विशेष उद्‌बोधक आहे. यीस्टपासून मिळविलेले ग्लुकन किती व कितीदा द्यावे, याचा त्यांनी शोध घेतला. खाद्यात शेकडा ०.२ प्रमाणात आणि सात दिवसांतून एकदा दिल्यास पांढरे ठिपके विषाणूच्या चाचणीत कोळंबी अधिक टिकून राहिली. पहारेकऱ्याला रोज रात्रभर जागविले तर तो थकतो. प्रतिकारशक्ती चाळविणाऱ्या द्रव्यांचेही तसेच आहे. म्हणून ‘अधिक मात्रा, अधिक दिवस’ हे धोरण खर्चिक तर आहेच, पण उलटही ठरू शकते.

वापरण्याची पद्धत

कोळंबी माशाप्रमाणे खाद्य एकदम गिळत नाही. ती पायांनी गोळी धरून हळूहळू कुरतडते. त्यामुळे गोळी बराच वेळ पाण्यात राहते. इन्युलिनसारखी पूरके पाण्यात विरघळणारी असल्याने गोळीवर नुसतीच शिंपडल्यास ती कोळंबीच्या पोटाऐवजी तळ्यातच जातात. यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

१. शक्यतो खाद्य कारखान्यातच पूरक मिसळलेले गोळी खाद्य घ्यावे. मॅनन व ग्लुकन गोळी बनविताना लागणारी उष्णता बऱ्यापैकी सहन करतात.

२. तळ्यावर मिसळावयाचे झाल्यास वेष्टनावरील मात्रेप्रमाणे पूरक वजन करून घ्यावे. मुठीने किंवा अंदाजाने घेऊ नये. थोड्या पाण्यात ते एकजीव करून खाद्यावर सारखे शिंपडावे, त्यावर खाद्यास चिकटून राहणाऱ्या बंधकाचा थर द्यावा आणि खाद्य सावलीत सुकवून मगच टाकावे. उन्हात वाळवू नये.

३. त्या दिवशी लागेल तेवढेच खाद्य तयार करावे. ओलसर खाद्य साठविल्यास बुरशी धरते आणि बुरशीचे विष यकृत-स्वादुपिंडाला घातक असते.

४. पूरक रोग येण्यापूर्वी द्यावयाचे असते. बीज सोडल्यानंतरचा पहिला महिना, पावसाचा जोर, हवामानातील एकाएकी होणारा बदल व त्यामुळे येणारा ताण या काळांचा आधीच विचार करून वेळापत्रक आखावे. कोळंबीने खाणे सोडल्यावर खाद्यातून काहीही देण्याचा उपयोग होत नाही.

५. चेक ट्रे दररोज पाहावेत. आतडे भरलेले, गडद व सलग दिसते काय, यकृत-स्वादुपिंड फिकट किंवा आकसलेले आहे काय, पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे धागे तरंगतात काय, याची नोंद वहीत ठेवावी. शंका येताच नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा.

खर्चाचा ताळेबंद

कोळंबी संवर्धनाच्या चालू खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च बहुधा खाद्यावर होतो. म्हणून पूरकाचा विचार खाद्याच्या हिशेबातच करावा. उदाहरणादाखल असे समजू या की, एका तळ्यातून चार टन कोळंबी निघते आणि एक किलो कोळंबीसाठी १.४ किलो खाद्य लागते. म्हणजे एकूण खाद्य ५,६०० किलो झाले. पूरकामुळे हे प्रमाण १.३५ वर आले, तर खाद्य ५,४०० किलो लागेल. २०० किलोंची बचत होईल. किलोमागे तीन ग्रॅम या मात्रेने पूरक लागेल १६.२ किलो. याचा अर्थ, एक किलो पूरकाची किंमत एक किलो खाद्याच्या किमतीच्या सुमारे बारा पटींहून कमी असेल, तरच केवळ खाद्याच्या बचतीतून त्याचा खर्च निघेल. खाद्याचे प्रमाण सुधारलेच नाही, तर पूरकाचा खर्च जगलेल्या कोळंबीच्या संख्येतून भरून यावा लागेल.

हा हिशेब कोणत्याही सालच्या भावाने मांडता येतो. विक्रेत्याने ‘उत्पादन दुप्पट’ असे आश्वासन दिले, तर त्याच्यापुढे कागद व पेन्सिल ठेवून हाच हिशेब करून घ्यावा.

गावातच चाचणी

प्रयोगशाळेतील निष्कर्ष आपल्या खाडीच्या पाण्यात जसाच्या तसा उतरेल याची खात्री नसते. म्हणून एखाद्या गावातील संवर्धकांनी किंवा त्यांच्या सहकारी संस्थेने एकत्र येऊन स्वतःची चाचणी करणे हा उत्तम मार्ग आहे. शक्यतो सारख्या आकाराची सहा तळी निवडावीत. सर्वांत एकाच उबवणी केंद्राचे, एकाच दिवशी आणलेले बीज सारख्या संख्येने सोडावे. चिठ्ठ्या टाकून तीन तळी पूरकासाठी व तीन तळी साध्या खाद्यासाठी ठरवावीत. दर आठवड्यास पाग टाकून नमुना काढावा, सरासरी वजन घ्यावे आणि खाद्य, मृत कोळंबी, पाण्याचा सामू व प्राणवायू यांची नोंद करावी. हंगामाच्या शेवटी दोन्ही गटांतील उत्पादन, जगण्याचे प्रमाण व खाद्याचे प्रमाण यांची तुलना करावी.

एका तळ्यात पूरक दिले, शेजारच्या तळ्यात दिले नाही आणि पहिले तळे चांगले निघाले, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. दोन तळ्यांत तळाची माती, पाण्याची खोली व वारा यांमुळे मुळातच फरक असतो. तीन-तीन तळ्यांचा कल एकाच दिशेने दिसला तरच त्याला अर्थ आहे. ज्या गावात माध्यमिक शाळा आहे तेथील विज्ञान शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून या नोंदींचे आलेख काढून घेतल्यास शाळेला जिवंत पाठ मिळेल व गावाला विश्वासार्ह नोंदवही.

पूरकांच्या मर्यादा

जीवाणूपोषक हे औषध नव्हे. पांढरे ठिपके रोगाचा विषाणू तळ्यात शिरल्यावर ते त्याला रोखू शकत नाही. ईएचपीचे बीजाणू तळाच्या मातीत राहिले असतील तर ते नष्ट करू शकत नाही. पहाटे प्राणवायू संपल्याने गुदमरणाऱ्या कोळंबीला ते वाचवू शकत नाही. म्हणून खालील मूलभूत बाबी सांभाळल्यानंतरच पूरकाचा विचार करावा.

तपासणी केलेले, रोगमुक्त बीज घ्यावे. दोन हंगामांमध्ये तळे पूर्ण कोरडे करून तळाचा काळा गाळ काढावा व चुना द्यावा. पाणी गाळून व निर्जंतुक करून घ्यावे. खेकड्यांसाठी कुंपण व पक्ष्यांसाठी दोऱ्या बांधाव्यात. विरघळलेला प्राणवायू लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. सामू साडेसात ते साडेआठ या दरम्यान असावा व दिवसभरात त्यात अर्ध्या अंशाहून अधिक चढउतार होऊ नये. बीजाची संख्या तळ्याच्या व यंत्रांच्या शक्तीबाहेर वाढवू नये. यांपैकी एकाही गोष्टीला महागडे पूरक पर्याय होऊ शकत नाही.

खरेदी करतानाही सावधगिरी हवी. वेष्टनावर घटकद्रव्ये, मात्रा, उत्पादनाची तारीख व उत्पादकाचा पत्ता नसलेला माल घेऊ नये. किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाकडे प्रतिजैविकमुक्त म्हणून नोंदविलेलीच उत्पादने वापरावीत व पावती जपून ठेवावी. ‘गुप्त सूत्र’ असलेल्या पुडीत प्रतिजैविक मिसळलेले असण्याची शक्यता असते; माल नाकारला जाईल तेव्हा त्याचा जाब संवर्धकालाच द्यावा लागतो.

शासकीय यंत्रणा व पंचायतींचे कार्य

कोळंबीचे तळे खाजगी असते, पण खाडी सर्वांची असते. एका तळ्यात रोग आला आणि त्याच्या मालकाने भीतीपोटी ते पाणी ओहोटीबरोबर खाडीत सोडून दिले, तर पुढच्या भरतीला तेच पाणी शेजारच्या तळ्यात जाते. त्याच खाडीवर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची उपजीविका असते, कडेला कांदळवन असते व पलीकडे भातखाचरे असतात. सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय सोडू नये, रोगट तळे निर्जंतुक केल्याविना रिकामे करू नये, हे नियम यासाठीच आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील तळ्यांची यादी ठेवावी, त्यांची नोंदणी झाली आहे किंवा नाही हे पाहावे आणि पाणी घेण्याच्या व सोडण्याच्या वेळा संवर्धकांच्या बैठकीत ठरवून द्याव्यात. रोग लपविणाऱ्यास दूषण देण्यापेक्षा तो वेळीच कळविणाऱ्यास शेजाऱ्यांनी साहाय्य करावे, अशी प्रथा पडल्यास सर्वांचेच नुकसान टळेल.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी पूरकांविषयी संवर्धकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्यांवर सोपवू नयेत. चेन्नई येथे १९८७ साली स्थापन झालेली केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्था, मुंबई येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरी येथील कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय यांच्याकडील ज्ञान मराठीतून, सोप्या शब्दांत व हंगाम सुरू होण्यापूर्वी तळ्याच्या बांधापर्यंत पोहोचविणे हे त्यांचे महत्त्वाचे काम आहे. बांधावरच्या एका तासाच्या प्रात्यक्षिकाने जे साधते ते जाडजूड अहवालाने साधत नाही.

जीवाणूपोषक खाद्यपूरकांचे खरे महत्त्व त्यांनी घडविलेल्या दृष्टिकोनातील बदलात आहे. रोग आला की औषध शोधावयाचे, या सवयीऐवजी आतड्यातील व तळ्यातील उपयुक्त जीवाणूंना बळ देऊन रोगाला जागाच ठेवावयाची नाही, असा हा विचार आहे. चांगले बीज, स्वच्छ तळे, मोजून दिलेले खाद्य, नियमित नोंदी आणि त्यांच्या जोडीला योग्य मात्रेतील पूरक, या क्रमाने संवर्धक पुढे गेल्यास प्रतिजैविकांचा मोह टळेल, कोळंबीला बाजारात मान मिळेल आणि खाडीचे पाणी पुढच्या हंगामासाठीही निर्मळ राहील.